फाटकातली हाळी

ब्रिजटाउनची बस समुद्राच्या कडेने डुलत चालली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या ऑब्रीचे डोळे मिटत होते. पुढच्या बाकावर मोर्चाचे फलक मांडीवर घेऊन दोघी बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं त्याच्या झोपेत पाझरत होतं.

“तुझ्या आईला न्हाऊमाखू घालायला येणारी सरकारी बाई खरंच बंद होणार?”

“हो ना. आता म्हणे कंपनीची येणार. परवा आली एक, नमुना म्हणून! दारावर टकटक करत बसली.”

“टकटक? अगं, टकटक करतात ते पोलीस!”

“तेच तर! आई पलंगावर गपगार पडून राहिली. कंपनी म्हणते, घरात कुणी नव्हतंच.”

“आणि आपली सरकारी युलाली?”

“ती मेली आपल्या रीतीनं फाटकातूनच, आत कोण आहे म्हणून हाळी देते, ‘आऽऽत!’ आईला दिसत नाही, पण तेवढ्यानं चेहरा उजळतो. झोपेतसुद्धा ‘ये गं’ म्हणते.”

“मग आज मंत्र्याच्या दारात घोषणा काय द्यायची?”

“वेगळी कशाला हवी? सगळ्यांनी एका सुरात…”

“आऽऽत!” दोघी हसत ओरडल्या.

“ये गं पोरी,” मागून ऑब्री झोपेतच म्हणाला, “दार उघडंच आहे.”