तपासणी मीच बंद केली

— हो, मीच बंद केली. ‘चुकून झालं’ असं लिहू नका, चुकून काही झालेलं नाही. बसा ना साहेब, चौकशी काय उभ्यानं करायची? हां, तर हॉस्पिटलच्या सगळ्या मेल या खोलीतून जातात आणि त्या मी सांभाळते. साध्या मेल भुर्रकन जातात, पण मेंदूच्या स्कॅनचे फोटो जोडले की मेल रखडते. का रखडते? लाइन खराब? लाइनला काय धाड भरलीय! सगळे लाइनच्या नावानं खडे फोडत होते, कंपनीचा माणूस तर म्हणाला नवं मशीनच घ्या — त्याचं काय जातंय म्हणायला! आपलं व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर आहे ना, ते मेलमधला प्रत्येक फोटो उघडून बघत बसतं. तोवर डॉक्टरांचा कॉम्प्युटर वाट बघतो, कंटाळतो, संबंध तोडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून पाठवायला घेतो — की तपासणीही पुन्हा पहिल्यापासून! मोठ्या साहेबांना म्हटलं, मेंदूच्या डॉक्टरांपुरती तरी सूट द्या. काय म्हणाले? ‘बघू.’ अजून बघतायत.

त्या दुपारी वॉर्डातून फोन आला — एका पेशंटच्या डोक्यात रक्त साकळलंय, बाहेरगावच्या तज्ज्ञांनी फोटो बघितल्याशिवाय आमचे सर्जन हात लावणार नाहीत, आणि मेल काही केल्या जात नाही. मोबाइलवरून? पाठवले की, पण बारीक काही दिसेना. मोठे साहेब मीटिंगमध्ये, फोन बंद. मग मी काय करायचं — हातावर हात ठेवून बसायचं? केली तपासणी बंद. मेल सुटली, लगेच तपासणी परत चालू केली — तेही लिहा. ऑपरेशन झालं, माणूस वाचला.

ओळखीचा? छे, कोण ओळखीचा! कुणाहीसाठी केलं असतं. आता बोलतोय म्हणे नीट, फक्त डावा हात जरा जड आहे — नेमका डावाच, आणि हा डावखुरा, चहाचा कपसुद्धा उजव्या हातात धरता यायचा नाही त्याला. त्याच्या बायकोनं — आताच्या बायकोनं — जिन्यात माझे हात धरले, रडली, तिला बिचारीला माहीतही नाही मी कोण ते —

असे काय बघताय? हो. नवरा होता माझा. होता. फोनवर नाव ऐकलं आणि पासवर्ड चुकतच राहिला. पण म्हणून तपासणी बंद केली असं लिहाल तर खबरदार! दुसरं कुणी असतं तर? तर... तर मोठ्या साहेबांना आणखी एकदा फोन लावून बघितला असता. हो, लावला असता. मग आणखी एकदा. नियमानं वागले असते आणि तेवढ्यात तो माणूस गेला असता. मग आला असता तुम्ही चौकशीला? कुणी आलं नसतं! ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सगळे मोकळे — मीसुद्धा.

म्हणून सांगते, आता कुणाचीही मेल अडकू दे, मी थांबणार नाही. नोटीस द्या, घरी बसवा. माफी? कसली माफी? तो कागद ठेवा तुमच्याकडेच.

उठा आता. वॉर्डातून फोन वाजतोय, ऐकू येत नाही का?