माशांची रांग, मैदानाची रांग

मला वाटलं होतं, आता खरी लोकशाही बघायला मिळणार! भर गावात बेसबॉलचं मैदान बांधायचं की नाही यावर जाहीर सुनावणी, म्हणजे लोक पोटतिडकीने बोलतील, कोणी टेबलावर मूठ आपटेल, कोणाचा गळा दाटून येईल... आणि बघते तर काय, चर्चच्या तळघरात अख्खं गाव कागदी ताटल्या घेऊन उभं! तुम्हाला सांगते, रांग कसली आहे ते आधी विचारावं माणसाने.

आता नगरसभेचा बॉयलर बंद पडला यात कोणाचा दोष नाही, पण सुनावणी चर्चच्या तळघरात हलवली ती नेमकी ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी! त्या शुक्रवारी आमच्या ओहायोतल्या कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात, म्हणून चर्चमध्ये सगळ्यांना तळलेले मासे. पणजोबा पोलंडहून आले तेव्हापासून चालत आलंय, ते काय मैदानासाठी थांबणार? म्हणून डाव्या भिंतीला माशांची रांग, उजव्या भिंतीला माइकची, आणि दोघींच्या शेपट्या कोटांच्या खुंट्यांपाशी एकमेकींत गुंतलेल्या. बरं, आमच्याकडे रांगेत शिरल्यावर कोणी काही विचारत नाही. विचारणं म्हणजे कमीपणा!

मी बर्नाडेट, स्कॉटलंडात नगररचना शिकून नुकतीच परतलेली. गाव पुन्हा उभं राहतं ते छोट्या दुकानांवर, मैदानावर नाही, हे मी भेटेल त्याला सांगत होते. मैदानासाठी जो चौक पाडणार, त्यातच माझ्या कॅझ मामाचं दुकान. करंडकांचं! या गावाने माझ्या जन्मापासून काहीही जिंकलेलं नाही, तरी मामा रोज सकाळी शटर वर करतो. असा माणूस म्हणजे शहराचा कणा, असं मी आईसमोर म्हटलं, आणि त्याच भरात म्हणून बसले की दुकान वाचलं तर पुढे मी चालवेन. मला एक अक्षर सरळ कोरता येत नाही हो! झोप उडाली होती माझी. पण शब्द दिलेला, आणि तत्त्व ते तत्त्व. घरोघरी अंगणात ‘कॅझचं दुकान वाचवा’ असे बोर्ड मीच रोवलेले. मामा ते बघून नुसता मान हलवायचा. मला वाटायचं, भारावलाय.

तर मी भाषणाचे कागद छातीशी धरून रांगेत. माइकवर पहिला माणूस पोचला, हातात ताटली. सभापती डेलाहंट चष्मा सावरून विचारतात, ‘बाजूने की विरोधात?’ तो गोंधळला, मागे बघितलं, एवढा वेळ उभं राहून माघार कोण घेतो? म्हणाला, ‘बाजूने. पण कोबीची कोशिंबीर नको.’ आणि ते लिहून घेतलं! मी हसले... हसले, आणि माझाच नंबर आला. मी घसा खाकरून म्हटलं, ‘नागरिकहो!’ समोर प्रुसाक काकू, हातात झारा. म्हणाल्या, ‘नागरिक मागे आहेत ग बाळा. तुला सॉस देऊ का?’

रांग कसली आहे ते आधी विचारावं माणसाने!

आणि मासा-सॉसची ताटली हातात अशी कोंबली की थोडा सॉस माझ्या नाकाला. वळून पळणार, तोच माइकवरून ओळखीचा खोकला. कॅझ मामा! बिचारा माशांसाठी उभा राहिलेला, रिकामी ताटली घेऊन थेट माइकपाशी. मी मनात म्हटलं, बोल मामा, गावाचा कणा बोलू दे!

मामा म्हणाला, ‘मी बाजूने आहे.’

डेलाहंटनी तेही लिहून घेतलं.

‘माझे गुडघे गेलेत,’ मामा म्हणाला. ‘मला दुकान बंद करायचंय आणि दुपारचं उन्हात बसून मॅच बघायचीये. फक्त माझ्या भाचीला सांगू नका. ती तिकडे माशांच्या रांगेत आहे.’

सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझ्या नाकाला सॉस. आणि तुम्हाला खरं सांगते, राग यायला हवा होता ना? अपमान वाटायला हवा होता? छे! खांद्यावरून कोणी पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. मटकन बसले बाकावर.

मैदान मंजूर झालं. मामा माझ्या ताटलीतला मासा खात शेजारी बसला. मी म्हटलं, आधी का नाही बोललास?

‘तू एवढ्या लांबून मला वाचवायला आलीस,’ तो म्हणाला. ‘नको कसं म्हणणार? बरं, तुला हवं होतं का ग दुकान?’

‘अजिबात नाही,’ मी म्हटलं, आणि आम्ही दोघं असे हसलो की डेलाहंटनी शांततेसाठी हातोडा आपटला. टेबलावर कोणीतरी काही आपटलं एकदाचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच मी पक्कं ठरवलं. मैदानाला माझा विरोध कायम, तत्त्व ते तत्त्व. फक्त तो करायचा मैदान झाल्यावर तिथेच, मामाच्या शेजारच्या खुर्चीत बसून, दर रविवारी. आणि मामाला ऊनच हवं म्हटल्यावर, विरोधसुद्धा उन्हातच करावा लागणार!