काटा दिसेना

(न्हावा शेव्याजवळचा एक कंटेनर यार्ड. सर्व्हरची खोली.)

ऋत्विक : ...आता कशाला माझ्याकडे? हेड तू झालीस ना, बाय?

यशरा : टोमणे नंतर मारा, ऋत्विकभाई. नव्या प्रोग्रामला वजनकाटाच दिसत नाहीय. गेटवर ट्रेलरची रांग लागलीय.

ऋत्विक : इतकी वर्षं सर्व्हर मी सांभाळला, खुर्ची तुला दिली. ज्यांनी दिली त्यांना विचार.

यशरा : चिडा माझ्यावर. पण आधी बघा तरी.

ऋत्विक : जेलमध्ये टाकलायस त्या प्रोग्रामला?

यशरा : हो, बाहेरच्या कंपनीचा आहे, म्हणून सर्व्हरमध्येच वेगळ्या कप्प्यात कोंडलाय. काटा ज्या पोर्टला जोडलाय त्याची फाईल तेवढी त्याला दाखवायची, बाकी सगळ्या झाकायच्या. बघा, दोन नियम लिहिलेत. काटा दाखव. मग सगळं झाक.

ऋत्विक : हं... बरोबर तर हाय.

यशरा : मग दिसत का नाही?

ऋत्विक : झाकायचा नियमच काढून टाक. सगळं उघडं कर. रांग हलेल, साहेब खूश.

यशरा : सगळं? मग सर्व्हरची डिस्कसुद्धा त्याच्या हातात जाईल! परक्याला घरात घेऊन तिजोरीची चावी द्यायची?

ऋत्विक : एका दिवसाचा प्रश्न. कोण बघतंय?

यशरा : हे तुम्ही सांगताय? मी नवीन असताना हेच केलं होतं, तेव्हा मला रडू येईस्तोवर झापलंत.

ऋत्विक : झापलं असेल.

यशरा : भाई, खुदाची शप्पथ घेऊन सांगा. माझी चूक तुम्हाला दिसलीय ना?

ऋत्विक : दिसली. बघताक्षणी.

यशरा : आणि गप्प बसलात?

ऋत्विक : बरं वाटलं गो मला. तुझी चूक बघून फार बरं वाटलं. घरच्यांनी जेवणावळीला बोकड सांगून ठेवलाय, हेड म्हणून माझं नाव येणार म्हणून. आता कुठल्या तोंडानं जाऊ? जळतो मी तुझ्यावर.

यशरा : म्हणून मला बुडवायला निघालात?

ऋत्विक : व्हय.

यशरा : या अल्ला...

ऋत्विक : नियम वरून खाली चालतात, शेवटचा खरा. तू काटा आधी दाखवलास, मग सगळ्यांबरोबर तोही झाकलास. झाकायची ओळ वर घे.

यशरा : घेतली. थांबा, चालू करते... आला! वजन आलं. पहिला ट्रेलर सुटला.

ऋत्विक : साहेबांना सांगशील?

यशरा : नाही. पण सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आत्ताच बदलते. तुम्हाला देणार नाही.

ऋत्विक : बदल. तुझ्या जागी मीही बदलला असता.