धुराच्या बाजूला बसलेली माणसं

अफू जाळून टाकली, मग आता माझ्या दादाला द्यायचं काय? हेच मी त्या दिवसांत सगळ्यांना विचारत फिरलो.

झालं असं, की हिंगणघाटहून अफूबंदीचा प्रचार करणाऱ्या एक ताई आल्या. पारावर भाषण केलं, घराघरांतली अफू गोळा करून पेटवली. दादाची डबी तर मीच पळत जाऊन आगीत टाकली. तेवढ्यात अफू खाणारे सगळे उठले आणि धूर जात होता त्या बाजूला जाऊन बसले! ताई खूश. "पाहा, किती मन लावून ऐकताहेत!"

दादा डोळे मिटून म्हणाला, "ताई, रोज येत जा जी."

सारा पार हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दादाला जुलाब लागले, हातपाय वळायला लागले. "गण्या, अफूच्या दुकानातून थोडीशी आण न रे," म्हणायचा. पण अफूला हात लावणार नाही, अशी शपथ मी त्या दिवशी पारावर घेतली होती. नाही आणली. पाचव्या दिवशी तो गेला.

परवा ताई पुन्हा आल्या. मी दवंडी द्यायला निघालेल्या कोतवालाच्या हातातलं डफडं हिसकावलं आणि त्यांच्यासाठी गावभर दवंडी दिली, "अफू जाळाले या हो! पण ज्याले सोडाची आहे, त्याले पहिले दवाखान्यात न्या. बंडी माही आहे, बैल जुपून ठेवले!"