बाहीचं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे धर्मगुरू, वृद्धाश्रमाच्या संचालिकाबाई, संस्थेचे देणगीदार, समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांना आज बळेच आणून पहिल्या रांगेत बसवलं आहे त्या सत्कारमूर्ती मामी,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मामींनी मात्र सकाळीच फोन करून बजावलं, "स्तुती करायची नाही. केलीस तर उठून जाईन." म्हणजे निरोपाचं भाषण करायचं आणि स्तुती टाळायची. सचिवाला असल्या कामांची सवय असते.

आपल्या ज्यू समाजाच्या या संस्थेचे बरेच विभाग आहेत. वृद्धाश्रम आहे, दवाखाना आहे, एकट्या राहणाऱ्यांना घरपोच जेवणाचे डबे आहेत. त्यांना कधी ना कधी कुणीतरी धन्यवाद म्हणतं, आणि डब्यात मीठ कमी पडलं की शिव्याही घालतं. अंत्यसेवा मंडळाच्या वाट्याला दोन्ही येत नाही. गेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालायची, पांढरं कफन चढवायचं आणि निघण्यापूर्वी त्याचं नाव घेऊन म्हणायचं, आमच्याकडून काही चुकलं असेल, तुझा मान राखण्यात कमी पडलो असू, तर क्षमा कर. वाडवडील या सेवेला सगळ्यांत निखळ दान म्हणत आले, कारण इथे घेणारा परतफेड करूच शकत नाही. बायकांच्या बाजूचं हे काम मामींनी आयुष्यभर सांभाळलं. उठू नका मामी, ही स्तुती नाही, नुसती माहिती आहे.

तशा त्या सगळ्या समाजाच्याच मामी. पण माझ्या खऱ्या, आईच्या सख्ख्या भावाची बायको. नणंद-भावजय म्हटल्याबरोबर निम्म्या सभागृहाने मान डोलावली, बरं झालं, माझं अर्धं काम झालं. मामी शिवणकाम करायच्या. माझ्या लग्नात त्यांनी आईचा झगा शिवला आणि आईच्या मते एक बाही आखूड झाली. मामी म्हणाल्या, "बाही बरोबर आहे, तुझाच हात लांब आहे." झालं! बोलणं बंद. एकाच टेबलाशी बसून दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. "तुझ्या मामीला विचार, चहा घेणार का?" "तुझ्या आईला सांग, साखर कमी." माझी मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली, तरी आमचं टपालखातं चालूच. मामांनी दोघींना समजावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

मग आई गेली.

त्या सकाळी मामी आमच्या दारात उभ्या. खरं तर कफनं मंडळाच्या कपाटात शिवून तयारच असतात. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना एकसारखी, आणि खिसा कुणालाच नाही. माप कोण घेतंय! तरी मामी म्हणाल्या, "तिचा एखादा जुना झगा दे. बाहीचं माप हवंय." मी कपाटातून काढून दिला.

घरच्यांनी त्या खोलीत जाऊ नये अशी आपली रीत. भावजय घरची की बाहेरची, यावर मंडळात जरा चर्चा झाली. हा प्रश्न जगात कुठेच सुटलेला नाही, आणि चर्चा संपेपर्यंत मामी आत गेल्याही होत्या. काम झाल्यावर बाकीच्या बायका बाहेर आल्या. मामी बऱ्याच वेळाने आल्या. मी बाहेरच्या बाकावर होतो. आतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम मला माहीत आहे, तरी विचारलंच.

"मामी, माफी मागितलीत?"

"मागितली. मंडळाच्या वतीने मागितली, मग माझी वेगळी मागितली."

"मग?"

"मग काय? काही बोलली नाही. तशीही बोलत नव्हतीच."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग त्यांना माझ्या शेजारी बसावं लागलं.

राजीनाम्यात मामींनी कारण दिलंय, हात थरथरतात. समितीने ते मान्य केलं. पण परवा मला म्हणाल्या, "अरे, हातांचं काय, बाकीच्या सांभाळून घेतात. माफी मागायची वेळ आली ना, की समोर कुणीही असो, मला तुझी आईच दिसते. आणि ती काही 'हो' म्हणत नाही." एवढं बोलून त्यांनी पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार केली.

आता आवरतो. मानपत्र अध्यक्षांच्या हस्ते दिलं जाईलच. त्यांचे, धर्मगुरूंचे, खुर्च्या मांडणाऱ्या मंडळींचे आणि आपणा सर्वांचे आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे पायरी सोडून बोललो असेन, तर पोटात घाला.

सचिव म्हणून माझं भाषण संपलं. मामी, आता मुलगा म्हणून बोलतो. आई मानी होती, तिने स्वतः हे कधीच म्हटलं नसतं. तिच्या वतीने मी म्हणतो, हो, माफ केलं. आणि तिच्याकडूनही पुष्कळ चुकलं. त्याची माफी मी तुमच्याजवळ मागतो.

तुम्ही ज्यांची ज्यांची माफी मागितलीत, त्यांना बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. मी ऐकतोय, मामी.