मशीन समजून

मी आजकाल मशीनशीही अदबीनं बोलतो. हसू नका, आधी ऐका.

एक कंपनी नव्या कोडरना फुकट सर्व्हर देते. अडलं तर चॅटवर मदतही करते. मागच्या आठवड्यात त्यांच्याच स्पर्धेत माझं ॲप टाकायचं होतं, संध्याकाळपर्यंत. आणि भर दुपारी सर्व्हर बंद! चॅट उघडलं, तर तिथल्या मशीनचं एकच पालुपद, "असुविधा के लिए खेद है." काहीही विचारा, खेद आहेच.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मशीनला आपली गोंदियाकडची झाडीबोली काय समजणार? सरळ लिहिलं, "काऊन डोकं खाऊन राहिली बे? कोण्या गाढवानं शिकवलं तुले?"

उत्तर आलं, "भाऊ, मशीन गेली कवाची. मी माणूस आहो, तुमच्याच इकडची, तिरोड्याची. तुमचाच सर्व्हर पाहून राहिली होती."

वर पाहतो तर मशीनच्या जागी एका मुलीचं नाव. ते कधी बदललं, माझं लक्षच नव्हतं. गोंदियातल्या खोलीत मी एकटाच होतो, तरी तोंड लपवावंसं वाटलं.

"सॉरी ताई," एवढंच लिहिता आलं.

"सर्व्हर चालू झाला. टाका ॲप." मग आणखी एक ओळ आली, "अन् मले मायनं शिकवलं, बिड्या वळून."

ती गेली. मशीन परत आली, "क्या आपको और कोई सहायता चाहिए?"

मी लिहिलं, "नको जी. पुरे झालं."