अंगचं तेल

(सारसोळे, खाडीकाठचा कोळीवाडा. बाळाला न्हाऊ घालायची वेळ. सासू-सून मोरीजवळ.)

जयमाला : आणि आज बाळाच्या न्हाणीला शेजारच्या वेणूबाईला कशाला सांगितलंत, आई? जन्मल्यापासून तुम्हीच न्हाऊ घालताय ना त्याला?

गोजरा : माजी कंबर धरलीय गो.

जयमाला : म्हावऱ्याची टोपली घेऊन वाशीला मासळी विकायला जाताना नाही धरत ती? खरं सांगा, नातवाचा कंटाळा आला?

गोजरा : कंटाला? येरी का काय तू! माजा जीव हाय तो.

जयमाला : मग हात पदराखाली का लपवताय? बघू... अगं बाई! केवढ्या भेगा! रक्त आलंय की.

गोजरा : माजा हिरामन कारखान्यातून आनतो ना, ती पावडर. तिनंच धुतले.

जयमाला : कपड्यांच्या पावडरीनं हात?

गोजरा : फेस लय येतो तिचा. मना वाटला, जितका फेस तितका वास जाईल.

जयमाला : कसला वास?

गोजरा : म्हावऱ्याचा. तुजी आय आलती ना त्या दिशी. तिनं बालाचा दुपटा हुंगला नि बाजूला ठेवला. मी बघितला. तवापासून धुतेच हाय. काल तेल लावताना पोराच्या पाठीवर लाल रेघ उठली. माज्या हातानं! मंग म्हटला, बास.

जयमाला : आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत! लग्नाआधी मी त्याच कारखान्यात तीच पावडर तपासायची, आई. ती तेलकट मळ ओढून काढते. पण मळाचं तेल कुठलं नि अंगचं कुठलं, हे तिला कुठे कळतं? सगळंच घेऊन जाते.

गोजरा : अंगाला आपला तेल आसते?

जयमाला : असतं तर. होडीच्या फळ्यांना तेल चोळलं नाही तर काय होतं?

गोजरा : उन्हात तडकतान.

जयमाला : तेच झालंय हातांचं. आता पावडर बंद. नुसतं पाणी नि खोबरेल.

गोजरा : नि वास?

जयमाला : सारसोळ्याचं पोर ते. त्याच्या अंगाला काय चाफ्याचा वास यायचा? आजी म्हणून ओळखतो तो त्या वासाला. बसा पाटावर, पाय लांब करा. आधी तुमच्या हातांना तेल लावते, मग त्याला तुमच्या पायांवर देते. भेगा भरेपर्यंत चोळायचं काम माझं.

गोजरा : मंग दार तरी लोट गो. तुजी आय येनार हाय ना आता?

जयमाला : राहू दे उघडं. बघू दे तिला.